आपल्या फादरांसाठी प्रार्थना कशी करावी, आणि साथ म्हणजे नेमकं काय

नागपूरच्या एका कॅथलिक पॅरिशमधल्या (एका चर्चला जोडलेल्या समाजातल्या) ताईंनी विचारलं आहे. जूनमध्ये त्यांच्याकडे नवे फादर आले. बाहेरच्या राज्यातले, हिंदी जेमतेम, मराठी त्याहून कमी. प्रवचन लांबतं. आधीचे फादर सगळ्यांचे लाडके होते, त्यामुळे पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज तुलना चालते. ताईंच्या रोझरीच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) गटातल्या आठ-दहा बायकांना वाटतं की कुरकुर पुरे झाली, फादरांसाठी काहीतरी करावं. पण गटातच एकीचं म्हणणं, "फादरले कायचं टेन्शन बाप्पा? ना संसार, ना घरभाडं." आणि ताईंच्या यजमानांचा प्रश्न वेगळाच आहे: साथ द्यायची म्हणजे फादर चुकले तरी गप्प बसायचं का?

ताई, तिन्ही गोष्टींवर सविस्तर लिहिते. मी आमच्या पॅरिशची सॅक्रिस्टी (चर्चमधली वस्त्रं-भांड्यांची खोली) बरीच वर्षं सांभाळली, कौन्सिलवर काम केलं आणि फादरांसाठी दर गुरुवारी प्रार्थना करणारा एक छोटा गट आजही चालवते. इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय. फादरांसाठीची प्रार्थना नाव घेऊन आणि वार ठरवून करायची असते, आणि साथ म्हणजे पॅरिशच्या कामातला आपला वाटा आपण उचलायचा असतो. हार, शाल आणि केक यांचा नंबर त्यानंतर.

आधी टेन्शनचं बोलू. बहुतेकांना फादर दिसतात ते वेदीवर, रविवारी तासभर. उरलेला आठवडा दिसत नाही. सकाळच्या मिस्सेआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) उठून त्यांची स्वतःची प्रार्थना असते, आणि दिवसभरात ठरलेल्या वेळी म्हणायची स्तोत्रं असतात. ती त्यांना ऐच्छिक नाहीत, चर्चच्या कायद्यानं ती त्यांच्यावर रोज बंधनकारक आहेत. मग शाळा. आपल्या शहरात पॅरिशला लागून शाळा असली की फादर बहुधा तिथलेही मॅनेजर नाहीतर प्रिन्सिपल असतात. शिक्षकांचे पगार, शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, गळणारं छप्पर, सगळं त्यांच्या टेबलावर. मधेच मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलमधून फोन येतो की पेशंट सिरियस आहे. संध्याकाळी लग्न ठरलेली मुलं-मुली भेटायला येतात, कुणाच्या नव्या घराला आशीर्वाद द्यायचा असतो, कुणाचे नवरा-बायको वेगळे व्हायला निघालेले असतात. चर्चचा नियम असा की धर्मगुरूनं साधारणपणे दिवसाला एक मिस्सा करावी. धर्मगुरू कमी असतील तर बिशप इतर दिवशी दोन आणि रविवारी तीनपर्यंत परवानगी देऊ शकतात. ज्या पॅरिशला गावाकडची उपकेंद्रं जोडलेली आहेत तिथे रविवारी त्या परवानगीचा पुरेपूर वापर होतो. मे महिन्यात ४५ अंशांत, वीज गेलेली असताना, झग्यावर मिस्सेची वस्त्रं घालून तिसऱ्यांदा वेदीवर उभं राहणं मी जवळून पाहिलंय. त्या तिसऱ्या मिस्सेला आलेल्या माणसाला वाटतं, आज फादर हसले नाहीत.

पण दगदग हा त्यातला सोपा भाग. दगदग तुम्हाआम्हालाही आहे. अवघड भाग दोन आहेत आणि दोन्ही बाहेरून दिसत नाहीत.

पहिला पापनिवेदनाचा. कन्फेशनमध्ये जे कानावर पडतं ते फादर कधीच, कुणालाच, कोणत्याही कारणानं सांगू शकत नाहीत. स्वतःचा जीव वाचवायलाही नाही. आपल्या घरात काही वाईट घडलं तर आपण बहिणीला फोन करतो, मैत्रिणीजवळ रडतो. या माणसानं शनिवारी संध्याकाळी दीड तास लोकांचं दुःख आणि पाप ऐकलेलं असतं, त्यातली निम्मी माणसं त्याला रस्त्यात रोज भेटतात, आणि चेहऱ्यावर काहीही दिसू न देता तो त्यांच्याशी बोलतो. हे सगळं तो फक्त देवापाशी ठेवू शकतो. आपल्या प्रार्थनेची गरज इथेच सगळ्यात जास्त आहे आणि इथेच ती सगळ्यात कमी होते, कारण हे ओझं आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही.

दुसरा भाग एकटेपणाचा. ब्रह्मचर्य त्यांनी स्वतःहून स्वीकारलंय, त्याबद्दल त्यांची कीव करायची गरज नाही; ती त्यांच्या देण्याची पद्धत आहे. पण रविवारी शेवटची मिस्सा संपली की आपण सगळे घरी मटणाचा रस्सा खायला जातो, पोरंबाळं, पाहुणे, गोंधळ, आणि तिकडे फादर एकटे झाकलेलं ताट उघडतात. रविवारी स्वयंपाक्याला सुट्टी असेल तर तेही सकाळचं असतं. काही वर्षं एका ठिकाणी काढून माणसांची ओळख होते न होते तोच बदलीचं पत्र येतं. नव्या पॅरिशमध्ये पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानावर येतं, "आधीचे फादर असं करत नव्हते."

"कायचं टेन्शन" म्हणणाऱ्या गटातल्या त्या बाईंना संत तेरेजाचं उदाहरण सांगा. फ्रान्समधल्या लिझ्यूची लहानगी तेरेज. ती १८८७ मध्ये वडिलांबरोबर रोमच्या यात्रेला गेली, तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या यात्रेत बरेच धर्मगुरू बरोबर होते. तोवर तिलाही वाटायचं की पापी लोकांसाठी प्रार्थना करावी हे ठीक, पण धर्मगुरूंसाठी कशाला? महिनाभर त्यांच्या सहवासात राहिल्यावर तिला उमगलं की त्यांचं पद मोठं असलं तरी माणसं म्हणून ते आपल्यासारखेच दुबळे आहेत. ती निराश झाली नाही, त्यांच्याबद्दल वाईटही बोलली नाही. कार्मेल मठात व्रत घेण्याआधी तिला विचारलं गेलं, इथे का आलीस? तिचं उत्तर होतं: आत्म्यांच्या तारणासाठी, आणि विशेषकरून धर्मगुरूंसाठी प्रार्थना करायला. पुढे दोन तरुण मिशनरी तिला भाऊ म्हणून सोपवले गेले. त्यांच्यासाठी ती शेवटच्या आजारपणातही प्रार्थना करत राहिली. मठात गेल्यावर पुन्हा बाहेर पाऊल न टाकलेल्या या मुलीला चर्चनं १९२७ मध्ये मिशनकार्याची आश्रयदाती केलं. फादरांचा दुबळेपणा दिसला की कुजबुज करायची की गुडघे टेकायचे, हा प्रश्न तिनं आपल्यासाठी सोडवून ठेवलाय.

येशूनंही तेच केलं. शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्राला तो सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. पेत्र काही तासांत त्याला नाकारणार आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी प्रार्थना आधी झाली होती, आणि ती नाव घेऊन होती: शिमोना, शिमोना. संत पौलासारखा खंबीर माणूससुद्धा थेस्सलनीकाच्या लोकांना सरळ लिहितो, बंधूंनो, आमच्यासाठी प्रार्थना करा.

आता एक गोष्ट तुमच्या गटात नक्की सांगा, कारण ती फारच कमी लोकांना ठाऊक असते. पॅरिशचा कारभार हाती घेतल्यापासून प्रमुख धर्मगुरूवर असं बंधन असतं की दर रविवारी आणि पाळायच्या मोठ्या सणांना त्यानं एक मिस्सा आपल्या पॅरिशच्या लोकांसाठी अर्पण करायची. त्या मिस्सेचं इंटेन्शन, म्हणजे ती ज्यांच्यासाठी अर्पण होते ते, कुणी पैसे देऊन घेतलेलं नसतं. इंटेन्शन तुम्ही असता. तुम्ही चर्चला आलात की नाही, त्यांच्याशी बोलता की नाही, व्हॉट्सॲपवर त्यांच्याबद्दल काय लिहिता, याचा काही संबंध नाही. तुमच्या नव्या फादरांना अजून तुमची नावंही पाठ नसतील, पण आल्यापासून दर रविवारी त्यांनी तुमच्यासाठी मिस्सा अर्पण केली आहे. उलट मिस्सेतल्या महाप्रार्थनेत पोपचं नाव येतं, आपल्या आर्चबिशपांचं येतं, मग "सर्व धर्मगुरू" असा एकत्र उल्लेख होतो. समोर उभ्या असलेल्या फादरांचं नाव त्यात नसतं. ते घ्यायचं काम आपलं.

आणि "बाहेरचे" या तक्रारीबद्दल थोडं स्पष्ट बोलते. आपल्या भागातलं चर्च उभंच मुळी बाहेरच्यांनी केलं. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी १८४५ मध्ये सव्हॉयमधून (आज हा भाग फ्रान्समध्ये आहे) भारतात आले, फ्रेंच बोलणारे, आल्प्सच्या थंडीत वाढलेले. विशाखापट्टणमपासून नागपूर-कामठीपर्यंतचा मुलूख त्यांनी पालथा घातला. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला आणि १९५३ मध्ये आर्चडायोसिस, म्हणजे महाधर्मप्रांत. नागपुरातल्या सदर भागातलं कॅथेड्रल, म्हणजे आर्चबिशपांचं मुख्य चर्च, त्याच संताच्या नावानं आहे. अलीकडचं बघायचं तर १९९८ ते २०१८ एवढा काळ आपले आर्चबिशप असलेले अब्राहम विरुथकुलंगरा मूळचे केरळचे. आपल्या पॅरिशमध्ये तरी कोण आहेत? गोव्याचे, तमिळ, मल्याळी, तेलुगू, झारखंड-छत्तीसगडकडचे आदिवासी, अँग्लो-इंडियन आणि आपण मराठी. आपला स्वतःचा मुलगा सेमिनरीत (धर्मगुरू होण्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत) जातो म्हणाला तर किती घरांत आनंद होईल, हेही या निमित्तानं आपण स्वतःला विचारायला हवं. मुलगे आपण द्यायचे नाहीत आणि दुसऱ्यांनी दिलेल्या मुलाच्या उच्चारांना हसायचं, हे मला पटत नाही.

इथेच पहिली मदत तयार आहे. तुमच्या गटात शिक्षिका असतीलच. त्यांनी फादरांना एकांतात विचारावं: फादर, शनिवारी अर्धा तास रविवारचं शुभवर्तमान मराठीतून एकत्र मोठ्यानं वाचूया का? उच्चार तिथेच सुधारतात, चारचौघांत नाही. बऱ्याच फादरांना हे हवंच असतं, विचारायला संकोच वाटतो. आणि लांबलेल्या प्रवचनाचं कारण पुष्कळदा भाषा हेच असतं. नेमका शब्द सापडत नाही म्हणून माणूस तीच गोष्ट तीनदा सांगतो.

प्रार्थनेची पद्धत आमच्याकडे साधी आहे. वार गुरुवार, कारण पवित्र गुरुवारी, शेवटच्या भोजनाच्या रात्री, येशूनं परमप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) आणि धर्मगुरूपद दोन्ही दिली. पहिल्या शुक्रवारची भक्ती आपल्याकडे आहेच. त्याच्या आदल्या दिवशी, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, जमलं तर पवित्र साक्रामेंतासमोर (चर्चमध्ये ठेवलेल्या परमप्रसादासमोर) एक तास आराधना ठेवा. इतर गुरुवारी कुणाच्या तरी घरी पाऊण तास पुरे. आधी दोन मिनिटं शांतता. मग त्या आठवड्याच्या मिस्सेतलं एखादं स्तोत्र. मग रोझरीचं एकेक दशक (मरियेची "नमो मारिया" ही प्रार्थना दहा वेळा) एकेका इच्छेसाठी, आणि ही इच्छा मोघम नको. "आमच्या फादरांना आशीर्वाद दे" एवढ्यावर मन फार वेळ टिकत नाही. एक दशक ते जे कन्फेशन ऐकतात त्याच्या ओझ्यासाठी. एक त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेसाठी, ती कामाच्या रेट्यात सुटू नये म्हणून. एक त्यांच्या गावाकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी. ते आजारी पडले की फादर हजार-दीड हजार किलोमीटर लांब असतात आणि इकडे पॅरिशचा सण असतो. एक त्यांच्या ब्रह्मचर्यासाठी आणि चांगल्या मैत्रीसाठी, दोन्ही एकत्र, कारण चांगले मित्र असलेला धर्मगुरू आपलं व्रत आनंदानं पाळतो. पाचवं दशक पाळीपाळीनं: एकदा सेमिनरी हिल्सवरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत शिकणाऱ्या मुलांसाठी, एकदा म्हाताऱ्या आणि आजारी धर्मगुरूंसाठी, एकदा सेवा सोडून गेलेल्यांसाठी. सोडून गेलेल्यांची नावं आपल्याकडे कुणी घेत नाही. तुम्ही घ्या. त्या टेकडीचं नावच सेमिनरीमुळे पडलंय. संध्याकाळी तिथे फिरायला जाणारे आपण सगळे असतो, आत शिकणाऱ्या मुलांसाठी एक "नमो मारिया" म्हणत चालायला काय हरकत आहे?

गटाला येता येत नाही त्यांच्यासाठी महिन्याची वही करा. प्रत्येक तारखेपुढे एक कुटुंब, म्हणजे पॅरिशमध्ये रोज कुणीतरी त्या दिवसापुरती फादरांची जबाबदारी घेतलेली असेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची नावं वहीत आधी लिहा. आजारी माणसाला वाटत असतं की आपला आता कुणाला उपयोग नाही. त्याला जाऊन सांगा, आजोबा, पंधरा तारखेचं तुमचं दुखणं फादरांसाठी अर्पण करा. मी पाहिलंय, त्या तारखेची ते वाट बघतात. आणि वहीत नाव लिहिल्यापासून त्या घरांतली फादरांबद्दलची कुजबुज कमी होते. ज्याचं नाव सकाळी देवासमोर घेतलं त्याची संध्याकाळी टवाळी करायला जीभ रेटत नाही.

वर्षातले काही दिवस टिपून ठेवा. पवित्र आठवड्यात आर्चबिशपांबरोबर सगळे धर्मगुरू क्रिस्मा मिस्सा (पवित्र तेलांना आशीर्वाद देण्याची मिस्सा) करतात आणि दीक्षेच्या वेळी दिलेली वचनं पुन्हा उच्चारतात. त्यानंतर बिशप थेट लोकांकडे वळून धर्मगुरूंसाठी प्रार्थना करायला सांगतात. त्या मिस्सेला लोक फार थोडे असतात, तुम्ही जा. पुनरुत्थानकाळातला चौथा रविवार, उत्तम मेंढपाळाचा, दैवी पाचारणासाठी (धर्मगुरू किंवा व्रतस्थ होण्याच्या हाकेसाठी) असतो. १९६४ पासून ही प्रथा आहे. येशूच्या पवित्र हृदयाचा सण धर्मगुरूंच्या पवित्रीकरणाच्या प्रार्थनेसाठी ठेवलाय. आणि ४ ऑगस्ट, संत जॉन व्हियान्नी. आर्स नावाच्या खेड्यातले हे फादर लॅटिन जमत नाही म्हणून शिकताना मागे पडले होते, आणि पुढे दूरदूरून लोक त्यांच्याकडे पापनिवेदनाला रांगा लावू लागले. आपल्या फादरांची भाषा अडखळते म्हणून ज्यांना राग येतो त्यांनी या संताचं चरित्र जरूर वाचावं.

आता साथीचं. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मगुरूंविषयीच्या फर्मानात लोकांना सांगितलंय की धर्मगुरूंच्या काळज्यांत सहभागी व्हा, प्रार्थनेनं आणि कामानंही मदत करा. कामानंही, हे महत्त्वाचं. जे काम करायला दीक्षेची गरज नाही ते फादरांनी का करावं? हिशेब बघायला चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती असलीच पाहिजे. तुमचे यजमान बँकेत किंवा ऑडिटमध्ये असतील तर त्यांनी तिथे नाव द्यावं. मुलांचे कॅटेकिझमचे (धर्मशिक्षणाचे) वर्ग, चर्चची मोटार आणि टाकी, दफनाच्या दिवशी कब्रस्तानात आधी जाऊन तयारी बघणं, लग्नाच्या नोंदींची कागदपत्रं, शोकात असलेल्या घरी जेवणाचा डबा: हे सगळं आपण करू शकतो. एकानं एकच काम घ्यावं, पण वर्षभर. सणाच्या आठवड्यात वीस जण धावून येतात आणि जुलैच्या पावसात छप्पर गळताना फादर एकटे बादल्या ठेवतात, असं होऊ नये.

आजाऱ्यांबाबत एक विनंती हात जोडून करते. फादरांना वेळेवर बोलवा. आपल्याकडे अजूनही समज आहे की आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाला (पवित्र तेल लावून प्रार्थना करायला) बोलावलं म्हणजे माणूस गेलाच, म्हणून घरचे थांबतात, थांबतात, आणि श्वास लागल्यावर रात्री दोन वाजता फोन करतात. आजारपणामुळे किंवा वयामुळे धोका सुरू झाला की हा साक्रामेंत, म्हणजे संस्कार, घेता येतो, मोठ्या ऑपरेशनच्या आधीही घेता येतो, आणि प्रकृती पुन्हा ढासळली तर पुन्हाही. पेशंट शुद्धीवर असताना फादर आले तर तो पापनिवेदन करू शकतो, परमप्रसाद घेऊ शकतो, त्यांच्याशी दोन शब्द बोलू शकतो. यात पेशंटचं भलं आहेच, आणि धर्मगुरू म्हणून फादरांनाही आपलं काम नीट करता येतं. खरी इमर्जन्सी असेल तर रात्री दोनलाही जरूर बोलवा. त्यासाठीच ते आहेत.

जेवायला बोलवायचं असेल तर आधी विचारा. साखर, बीपी, तिखट सोसत नाही, काहीही असू शकतं; सावजी रस्सा प्रत्येकाला झेपत नाही. आग्रहानं गोड वाढणं आता आपण थांबवायला हवं, दिवसात चार घरं असतात त्यांना. मुलाबाळांसकट सगळं घर असताना बोलवा, साधं जेवण ठेवा, आणि त्या जेवणात जावेची किंवा शेजाऱ्यांची तक्रार नको. माणसाला एक संध्याकाळ नुसतं माणूस म्हणून बसू द्या. त्यांच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी फोन टाळा. कायद्यानं त्यांना वर्षाला महिन्याभराची रजा घेता येते. ते गावी गेले की "फादर तर नेहमी बाहेरच" असं कुणी म्हणालं तर तिथेच अडवा. दीक्षेची तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी हातानं लिहिलेलं पत्र द्या. त्यात कौतुक मोघम नको. "तुम्ही अमुक रविवारी जे म्हणालात त्यामुळे मी भावाशी पुन्हा बोलू लागले" असं एक वाक्य पुरे. फादर अशी पत्रं वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

पैशाबद्दल थोडक्यात. चर्चला दिलेलं दान पावती घेऊनच द्यावं, त्यानं फादरही सुरक्षित राहतात. मिस्सेच्या इंटेन्शनचं दान ही मिस्सेची किंमत नव्हे. ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठीही मिस्सा करावी असं कायदाच सांगतो, तेव्हा गटातल्या गरीब बाईला संकोच करू देऊ नका.

आणि शाळेची ॲडमिशन. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण नागपुरात फादरांशी असलेली किती नाती या एका गोष्टीवर तुटतात ते मी पाहिलंय. डिसेंबर-जानेवारी आला की वर्षभर न दिसलेली माणसं दिसू लागतात. डायऱ्या, ड्रायफ्रूट, संत्र्यांच्या पेट्या. आपल्या मुलासाठी, मग शेजाऱ्याच्या मुलासाठी, मग साहेबांच्या नातवासाठी. फादरांच्या हातात जागा मोजक्या, वरून नियम, बाजूनं पुढाऱ्यांचे फोन. नाही म्हटलं की ते गर्विष्ठ, हो म्हटलं की पैसे खाल्ले. ज्या घरात काल प्रार्थना झाली त्याच घरातून हे ऐकू येतं. तुमच्या गटानं एवढं ठरवलं तरी पुष्कळ होईल: आपल्या मुलाचा अर्ज वेळेत, रीतसर भरायचा, दुसऱ्यासाठी चिठ्ठी मागायची नाही, आणि जागा मिळाली नाही तरी पुढच्या रविवारी मिस्सेला यायचं आणि फादरांना नमस्कार करायचा.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. चुकलं तरी गप्प बसायचं का? नाही. चर्चचा कायदा आपल्याला आपलं मत धर्मगुरूंना सांगण्याचा हक्क देतो, काही वेळा ते आपलं कर्तव्यच असतं, फक्त आदर राखून. तेव्हा जे खटकतं ते त्यांच्यापाशीच बोला. मिस्सेनंतर दारात उभं राहून नको. तेव्हा पन्नास माणसं हात मिळवत असतात. वेळ मागून घ्या, एकट्यानं किंवा दोघांनी जा, एकच विषय न्या, आणि त्यावर तुम्ही स्वतः काय करू शकता तेही बरोबर न्या. "मुलांना इंग्रजी प्रवचन समजत नाही" एवढंच म्हणू नका. "शेवटी पाच मिनिटं मराठीत सार सांगायला मी तयार आहे, आधी तुम्ही तपासून घ्या" असं म्हणा. आधीच्या फादरांचं नाव त्या खोलीत काढू नका. एवढं करूनही प्रश्न सुटला नाही तर पॅरिश कौन्सिल आहे, आर्चबिशपांचं कार्यालय आहे. सही करून पत्र लिहा. निनावी पत्रानं खरं बोलणारा आणि सूड घेणारा यांच्यातला फरक पुसला जातो.

पण काही बाबतीत हा क्रम लागू होत नाही. पैशाची अफरातफर असेल तर थेट आर्चबिशपांकडे लेखी जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तशी शंका जरी आली तरी पोलिसांना कळवणं हे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे; धर्मगुरूचा मान, शाळेचं नाव, "आधी आपसात बघू" यातलं काही त्याच्या आड येऊ द्यायचं नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार प्रत्येक धर्मप्रांतात अशी तक्रार घेण्याची सोय असली पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्याला गप्प राहायला सांगता येत नाही. फादरांवर प्रेम करणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करायला हवं. झाकून ठेवलेल्या एका प्रकरणामुळे ज्या मुलाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं त्याच्यासाठी आधी प्रार्थना, आधी धाव. आणि मग जे शेकडो फादर मान खाली घालून प्रामाणिकपणे काम करतात त्यांच्यासाठी, कारण संशयाची नजर त्यांनाही सोसावी लागते. दोन्ही प्रार्थना एकाच गटात होऊ शकतात. आमच्याकडे होतात.

एक सावधगिरी प्रार्थनागटांसाठीच. फादरांच्या जवळचे असा एक कंपू तयार व्हायला वेळ लागत नाही. चहा आपल्याकडेच, गाडीत आपणच, बातमी आधी आपल्यालाच. मग उरलेली पॅरिश लांब उभी राहते आणि फादर न कळत एका गटाचे होऊन बसतात. तुम्ही प्रार्थना करता म्हणून फादरांवर तुमचा जास्त हक्क नाही. भेटायला जाल तेव्हा ऑफिसात, ठरलेल्या वेळी, शक्यतो दोघी-तिघी मिळून जा. यात अविश्वास नाही, त्यांच्या आणि तुमच्याही नावाची काळजी आहे.

ताई, सुरुवात येत्या गुरुवारीच करा, मोठी योजना नको. चार जणी जमलात तरी चालेल. त्याआधी फादरांना एकदा सांगून या की आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना सुरू करतोय, आणि विचारा, तुमची काही खास इच्छा आहे का? काही जण लगेच सांगतात, आई आजारी आहे, भावाचं कर्ज आहे. काही नुसतं "थँक यू" म्हणतात. नाही सांगितलं तर खोदून विचारू नका. आणि आधीचे जे लाडके फादर बदलून गेले, त्यांचं नावही वहीत राहू द्या. ते आता कुठल्यातरी दुसऱ्या पॅरिशमध्ये नवे आहेत, आणि तिथे त्यांची तुलना कुणाशीतरी चाललेली असेल.